बाल्टिमोरचा १९ नंबर

अमेरिकेतल्या आमच्या बाल्टिमोरच्या फुटबॉल स्टेडियमच्या दारात जॉनी युनायटसचा ब्राँझचा पुतळा आहे. चेंडू फेकण्याच्या तयारीत हात मागे घेतलेला, पायात घोट्याच्या वर जाणारे जुन्या धाटणीचे बूट. सामन्याच्या दिवशी आत जाताना कितीतरी लोक त्या बुटाला हात लावतात. आत खेळतो तो संघ रेव्हन्स, आणि रेव्हन्ससाठी हा माणूस एक मिनिटही खेळला नाही. तो कोल्ट्सचा, त्यांचा १९ नंबर. कोल्ट्स १९८४ सालीच हे शहर सोडून नऊशेहून अधिक किलोमीटर लांब इंडियानापोलिसला निघून गेले.

गेलेल्या संघाचा खेळाडू आलेल्या संघाच्या दारात का उभा आहे, हे इथे नव्याने आलेल्याला कळत नाही. मी विचारत गेले, वाचत गेले, जुने सामने पाहिले. शेजारी एक आजोबा राहतात, पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे हा विषय काढला की तासभर तरी उठता येत नाही. भारतात अमेरिकन फुटबॉल म्हटलं की हेल्मेट घालून एकमेकांना धडकणारी धिप्पाड माणसं एवढंच डोळ्यांसमोर येतं, म्हणून हे सगळं मराठीत लिहून ठेवावंसं वाटलं.

आधी खेळाबद्दल, कामापुरतं. दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकले की पुन्हा नवे चार प्रयत्न. असं करत मैदानाच्या टोकाची रेषा ओलांडली की टचडाउन. ते जमत नसेल तर दोन खांबांमधून चेंडू लाथाडून कमी गुणांचा फील्ड गोल. प्रत्येक प्रयत्नात चेंडू प्रथम हातात घेतो तो क्वार्टरबॅक. चेंडू कुणाला द्यायचा, कुणाकडे फेकायचा, हे तो दोन-तीन सेकंदांत ठरवतो आणि तेवढ्यात समोरची माणसं त्याला जमिनीवर आपटायला धावून येत असतात. आज क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो, कोणती चाल खेळायची ते प्रशिक्षक कानात सांगतो. युनायटसच्या काळी तसं नव्हतं. तो स्वतः चाल ठरवायचा, सगळ्यांना भोवती गोळा करून सांगायचा आणि खेळायचा.

त्याचा जन्म ७ मे १९३३ चा, पिट्सबर्गचा. आईवडिलांची मुळं लिथुएनियातली. वडील घरोघरी कोळसा पोचवायचा धंदा करत. जॉनी पाच वर्षांचा असताना ते गेले. चार मुलं पदरात घेऊन आईने तो धंदा चालवला, शिवाय बाहेरही कामं केली. पुढे पत्रकारांनी युनायटसला त्याच्या जिद्दीबद्दल विचारलं की तो प्रशिक्षकांच्या आधी आईचं नाव घ्यायचा.

शाळेत तो चांगला खेळायचा, पण अंगाने इतका किरकोळ की नोटर डेम विद्यापीठाने त्याला पाहून परत पाठवलं. पिट्सबर्ग विद्यापीठाची प्रवेश परीक्षा पास झाला नाही. शेवटी केंटकीतल्या लुईव्हिल विद्यापीठाने घेतलं. तिथला संघ दुबळा होता, त्यामुळे हरण्याची आणि मार खाण्याची सवय तिथेच झाली. १९५५ मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत पिट्सबर्ग स्टीलर्सने, म्हणजे त्याच्या गावच्याच संघाने, त्याला नवव्या फेरीत घेतलं. सरावाच्या छावणीत चार क्वार्टरबॅक होते. सरावसामन्यांत युनायटसला एकही संधी मिळाली नाही आणि मोसम सुरू होण्याआधीच त्याला घरी पाठवण्यात आलं. बसचे पैसे वाचवायला तो वाटेत गाड्यांना हात करत घरी आला, असं सांगतात.

तेव्हा त्याचं लग्न झालेलं होतं. तो बांधकामावर लागला, जमिनीत खांब ठोकणाऱ्या यंत्राच्या टोळीत. आणि संध्याकाळी ब्लूमफिल्ड रॅम्स नावाच्या हौशी-निमव्यावसायिक संघातून खेळू लागला. एका सामन्याचे सहा डॉलर. ज्या मैदानांवर हे सामने व्हायचे तिथे गवतापेक्षा माती आणि खडे जास्त. मला या माणसाच्या सगळ्या कारकिर्दीत हे वर्ष सर्वांत मोठं वाटतं. पुढे काहीतरी होईल अशी एकही खूण समोर नव्हती. दिवसभर अंगमेहनत करून रात्री खड्यांच्या मैदानात आपटून घ्यायचं, तेही सहा डॉलरसाठी. खेळ सोडवत नाही यापलीकडे याला दुसरं कारण सापडत नाही.

१९५६ च्या सुरुवातीला बाल्टिमोर कोल्ट्सच्या कार्यालयातून त्याला फोन गेला. ऐंशी सेंटांचा तो फोन म्हणून बाल्टिमोरमध्ये त्याची दंतकथाच झाली आहे. वर्षाला सात हजार डॉलरवर त्याला राखीव क्वार्टरबॅक म्हणून घेतलं, तेही संघात जागा मिळाली तर. त्या ऑक्टोबरात शिकागोमध्ये बेअर्सविरुद्धच्या सामन्यात मुख्य क्वार्टरबॅक जॉर्ज शॉचा पाय जायबंदी झाला आणि युनायटस मैदानात उतरला. त्याचा पहिलाच पास प्रतिस्पर्ध्याने हवेत पकडला आणि थेट टचडाउन केला. लगेच पुढे सहकाऱ्याच्या हातात चेंडू देताना तो निसटला. आघाडीवर असलेले कोल्ट्स तो सामना ५८-२७ असा हरले. शेजारचे आजोबा हा आकडा आजही न अडखळता सांगतात. पण प्रशिक्षक वीब यूबँकने त्याला बाहेर बसवलं नाही. पुढच्या सामन्यांत त्यांनी ग्रीन बेला हरवलं, मग क्लीव्हलंडला हरवलं, आणि शॉला आपली जागा पुन्हा मिळाली नाही. पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, लीगमधले सर्वाधिक यार्ड आणि सर्वाधिक टचडाउन पास युनायटसचे होते.

आता शहराबद्दल सांगायला हवं, कारण त्याशिवाय या माणसाचं काहीच समजणार नाही.

१९५० साली बाल्टिमोरची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या आसपास होती. आज ती सहा लाखांच्याही खाली आहे. शहराच्या टोकाला स्पॅरोज पॉइंटला बेथलेहेम स्टीलचा अवाढव्य कारखाना होता, तिथे तीसेक हजार माणसं कामाला. शिवाय बंदर, गोदी. एकमेकांना चिकटलेल्या विटांच्या घरांच्या लांबच लांब ओळी, प्रत्येक दारापुढे दगडी पायऱ्या. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कच्या रांगेत हे कायम धाकटं, कामकरी शहर. कोल्ट्सचे खेळाडूही याच वस्त्यांत राहायचे. वर्षभर पुरेल इतका पगार खेळातून मिळायचा नाही, म्हणून मोसम संपला की ते नोकऱ्या करायचे: कुणी दारू कंपनीचा विक्रेता, कुणी कारखान्यात. रविवारी ज्याचा खेळ पाहिला, तो सोमवारी किराणा घेताना दिसायचा. आपल्याकडे लालबाग-परळला गिरणीत नोकरी करून संध्याकाळी कबड्डी गाजवणारे खेळाडू चाळीतल्या लोकांचे जसे घरचे असत, तसंच हे नातं होतं. युनायटस तर दिसायलाही शेजाऱ्यासारखाच: बारीक कापलेले केस, जरासे पुढे आलेले खांदे, बोलणं मोजकं.

तेहतिसाव्या रस्त्यावर, घरांच्या मधोमध, मेमोरियल स्टेडियम होतं. दर्शनी भिंतीवर दोन्ही महायुद्धांतल्या सैनिकांसाठी मोठ्या अक्षरांत ओळ होती, ‘काळ त्यांच्या कर्तृत्वाचं तेज मंद करू शकणार नाही’ अशा अर्थाची. आतला गोंगाट असा की शिकागोच्या एका पत्रकाराने त्या स्टेडियमला जगातलं सर्वांत मोठं उघड्यावरचं वेड्यांचं इस्पितळ म्हटलं होतं. बाल्टिमोरच्या लोकांनी हे बिरुद आनंदाने मिरवलं.

पण ही सगळी आपुलकी सर्वांना सारखी मिळत नव्हती, हेही सांगितलंच पाहिजे. कोल्ट्सचा लेनी मूर हा त्या काळातल्या सर्वांत चपळ खेळाडूंपैकी एक. युनायटसच्या कितीतरी मोठ्या पासांच्या दुसऱ्या टोकाला तोच असायचा. जिम पार्कर नावाचा पहाडासारखा माणूस समोरच्यांना अडवून युनायटसचं रक्षण करायचा. दोघेही कृष्णवर्णीय. रविवारी पन्नास हजार लोक मूरच्या नावाने ओरडायचे आणि त्याच शहराच्या मध्यवर्ती भागातली उपाहारगृहं आणि सिनेमागृहं त्याला दारातून परत पाठवायची. गोरे सहकारी सामन्यानंतर जिथे जेवायला जात, तिथे तो जाऊ शकत नव्हता. मूरने पुढे याबद्दल स्पष्ट शब्दांत सांगितलं आहे. कोल्ट्सच्या जुन्या आठवणी गोडच निघतात, आणि त्या सांगणारे बहुतेक गोरे असतात, हे मला इथे राहून जाणवलं.

खेळाच्या बाबतीत युनायटसचं खरं जुळलं ते रेमंड बेरीशी. बेरी विसाव्या फेरीत निवडला गेलेला, नजर अधू म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स लावून खेळायचा, फार वेगवानही नव्हता. सराव संपून सगळे गेले की हे दोघं मैदानात थांबायचे. बेरी किती पावलं धावून कुठे वळणार आणि त्या क्षणी चेंडू कुठे असायला हवा, हे त्यांनी शेकडो वेळा घोटलं होतं. चेंडू युनायटसच्या हातातून सुटायचा तेव्हा बेरी अजून वळलेलाही नसायचा. तो वळला की चेंडू समोर. आज प्रत्येक संघ असंच खेळतो, तेव्हा हे नवीन होतं.

१९५८ च्या मोसमात मध्येच, ग्रीन बेविरुद्ध, युनायटसच्या बरगड्या मोडल्या आणि फुप्फुसालाही इजा झाली. दोन सामने बाहेर बसून तो छातीला संरक्षक कवच बांधून परतला. परतल्यावर पहिलाच पास लेनी मूरला, थेट टचडाउन. आणि मग २८ डिसेंबर १९५८ ला न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर जायंट्सविरुद्ध अजिंक्यपदाचा सामना झाला. त्याला अमेरिकेत आजवरचा सर्वोत्तम सामना म्हणतात. मी उपलब्ध चित्रफिती पाहिल्या. चुका भरपूर आहेत, चेंडू हातातून निसटण्याचे प्रकार तर कितीतरी. पण शेवटची वीसेक मिनिटं पाहताना ते नाव का पडलं ते पटतं.

मध्यंतराला कोल्ट्स १४-३ ने पुढे. मग जायंट्सनी एकदा आपल्या रेषेपाशी त्यांना चार प्रयत्न रोखून धरलं आणि सामना फिरला. चौथ्या भागात जायंट्स १७-१४. वेळ संपत आलेली, चेंडू जायंट्सकडे, आणखी एकदा दहा यार्ड पूर्ण केले की ते जिंकल्यात जमा. त्यांचा फ्रँक गिफर्ड चेंडू घेऊन घुसला, कोल्ट्सच्या जीनो मार्केटीने त्याला पाडलं, आणि त्या ढिगात मार्केटीचाच पाय मोडला. पंचांनी मोजलं तर अंतर थोडक्यात कमी पडलेलं. दहा यार्ड झाले होते, असं गिफर्ड पुढे आयुष्यभर म्हणत राहिला. मार्केटीला स्ट्रेचरवर घातलं, तर तो आत जाईना. मैदानाच्या कडेलाच मला ठेवा, मला बघायचंय, म्हणाला.

जायंट्सनी चेंडू लांब लाथाडून दिला. कोल्ट्सना तो मिळाला स्वतःच्या चौदा यार्डांच्या रेषेवर. समोर जवळजवळ सगळं मैदान, हातात दोन मिनिटांहून कमी वेळ. युनायटसने सुरुवातीला मूरकडे एक छोटा पास काढला आणि मग बेरी, बेरी, बेरी. ओळीने तीन पास, मिळून बासष्ट यार्ड. सगळ्या स्टेडियमला कळत होतं की चेंडू बेरीकडेच जाणार, तरी जायंट्सना तो थांबवता आला नाही. सात सेकंद उरले असताना स्टीव्ह मायराने फील्ड गोल मारला. १७-१७.

अजिंक्यपदाचा सामना बरोबरीत सुटल्यावर जादा वेळ, आणि त्यात पहिला गुण करणारा जिंकला, हे लीगच्या इतिहासात प्रथमच घडत होतं. कित्येक खेळाडूंना आता पुढे काय करायचं ते ठाऊक नव्हतं. जायंट्सना पहिली संधी मिळाली आणि वाया गेली. कोल्ट्स आपल्या वीस यार्डांवरून निघाले. युनायटस कधी धावणाऱ्यांना चेंडू देत होता, कधी बेरीला. जायंट्स पुढे सरसावले की त्यांच्या मागे टाकायचा, ते मागे हटले की मधून घुसवायचा. एवढ्यात टीव्हीवरचं चित्र गेलं. प्रेक्षकांच्या रेटारेटीत केबल निघाली होती. तेवढ्यात कुणीतरी मैदानात धावत सुटला, पोलीस त्याच्यामागे, खेळ थांबला आणि चित्र परत आलं. तो माणूस टीव्ही कंपनीचाच होता असं सांगतात. मग एका यार्डावरून ॲलन अमीची आत घुसला. २३-१७. रेषेच्या इतक्या जवळ असताना, साधा फील्ड गोलही पुरला असता तरी, युनायटसने आधी एक जोखमीचा पास टाकला होता. पत्रकारांनी विचारलं, तो प्रतिस्पर्ध्याने पकडला असता तर? आपण काय करतोय हे माहीत असलं की तसं होत नाही, एवढंच त्याचं उत्तर.

त्या दिवशी बेरीने बारा पास पकडले, १७८ यार्ड. विजेत्या संघातल्या प्रत्येकाला ४,७१८ डॉलर आणि ७७ सेंट मिळाले. रात्री विमानतळावर तीस हजार लोक जमले होते. आमचे आजोबा त्यात होते, वडिलांच्या खांद्यावर. विमान दिसलं नाही, माणसंच माणसं दिसली, असं ते सांगतात.

सुमारे साडेचार कोटी लोकांनी तो सामना टीव्हीवर पाहिला आणि या खेळाचं अर्थकारण तिथून पालटलं. टेक्सासच्या लामार हंटने तो पाहिला आणि १९६० मध्ये दुसरी लीगच उभी केली. १९६१ मध्ये कायदा झाला, त्याने सगळ्या संघांचे प्रक्षेपणहक्क एकत्र विकायला परवानगी मिळाली. लगेच सीबीएस या टीव्ही कंपनीने वर्षाला ४६ लाख ५० हजार डॉलर मोजले, ते चौदा संघांत सारखे वाटले गेले. २०२१ मध्ये झालेले करार अकरा वर्षांसाठी शंभर अब्ज डॉलरहून जास्त आहेत. मी या सगळ्याकडे पाहते तेव्हा मला एकच गोष्ट दिसते. पगार शेजाऱ्यांएवढा होता तोवर संघ शहरात रुजलेला होता. त्या संघाने हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी टीव्हीवर जो पैसा खेचून आणला, त्या पैशामुळे संघ ही उचलून नेता येईल अशी मालमत्ता झाली. बाल्टिमोरला त्याची किंमत पंचवीस वर्षांनी मोजावी लागली.

मधली वर्षं भराभर सांगते. १९५९ मध्ये त्याच जायंट्सना हरवून पुन्हा अजिंक्यपद, या वेळी मेमोरियल स्टेडियमवर. १९५६ ते १९६० या काळात सलग ४७ सामन्यांत किमान एक टचडाउन पास; हा विक्रम २०१२ मध्ये ड्रू ब्रीझने मोडेपर्यंत अबाधित होता. आणि मधल्या काळात क्वार्टरबॅकला सांभाळणारे नियम वाढत गेले, पासांची संख्या कितीतरी वाढली, तरीही. १९६४ आणि १९६७ मध्ये तो लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९६८ च्या मोसमाआधी एका सरावसामन्यात उजव्या कोपराचे स्नायू फाटले. त्या वर्षी त्याच्याविनाच कोल्ट्स सुपर बोलपर्यंत, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेले आणि क्वार्टरबॅक जो नेमथच्या न्यूयॉर्क जेट्सकडून १६-७ असे हरले. जेट्सचा प्रशिक्षक होता वीब यूबँक, ज्याला कोल्ट्सने काही वर्षांपूर्वी काढलं होतं. शेवटी शेवटी दुखऱ्या हाताच्या युनायटसला उतरवलं, आणि त्या दिवशीचा कोल्ट्सचा एकमेव टचडाउन त्याच्याच खेळीतून आला. दोन वर्षांनी डॅलसविरुद्ध ते सुपर बोल जिंकले, त्यातही तो जखमी होऊन बाहेर गेला.

१९७२ मध्ये मालक बदलला. कॅरोल रोझेनब्लूमने कोल्ट्स देऊन लॉस एंजेलिसचे रॅम्स घेतले, म्हणजे दोन मालकांनी चक्क संघांची अदलाबदल केली. नवा मालक रॉबर्ट इरसे. त्याच्या माणसांनी युनायटसला बाकावर बसवलं. डिसेंबरमध्ये बाल्टिमोरमधल्या त्याच्या शेवटच्या सामन्यात प्रेक्षक त्याच्या नावाचा घोष करत होते. त्याच्या जागी खेळणाऱ्या मार्टी डॉमरेसला लागलं म्हणून त्याला उतरावं लागलं, आणि त्याने एडी हिंटनला पास दिला, ६३ यार्डांचा टचडाउन. पुढच्या महिन्यात त्याला सान डिएगोला विकून टाकलं. तिथे एक मोसम कसाबसा खेळून तो थांबला. अठरा मोसम, ४०,२३९ यार्ड, २९० टचडाउन पास. चाळीस हजार यार्डांचा टप्पा त्याच्याआधी कुणी गाठला नव्हता.

२८ मार्च १९८४ च्या रात्री बाल्टिमोरजवळच्या ओविंग्ज मिल्सच्या संघाच्या केंद्रात सामान हलवणाऱ्या मेफ्लॉवर कंपनीचे ट्रक आले. शहर नवं स्टेडियम बांधून देत नाही म्हणून इरसेचं भांडण चालू होतं. शहराला संघ ताब्यात घेता यावा यासाठीचा कायदा मेरीलँडच्या विधिमंडळात पुढे सरकत होता. तो लागू व्हायच्या आत, बर्फाळ पावसात, हेल्मेटं, कपडे, कागदपत्रं, चषक सगळं भरून ट्रक रातोरात राज्याबाहेर पडले. सकाळी शहर उठलं तेव्हा संघ नव्हता. आजोबांच्या घरात त्या दिवशी रेडिओ बंद करून ठेवला होता. संघाच्या बँडचे गणवेश मात्र योगायोगाने ड्रायक्लीनरकडे होते, ते बँडवाल्यांनी हलवून एका दफनभूमीत लपवून ठेवले. आणि हा बँड, ज्याला संघच नव्हता, पुढे बारा वर्षं वाजत राहिला: दुसऱ्या शहरांतल्या सामन्यांत, मिरवणुकांत, नव्या स्टेडियमच्या पैशासाठी विधिमंडळाच्या दारात. इथल्या सगळ्या कथांमध्ये मला ही सर्वांत आवडते.

इंडियानापोलिसच्या कोल्ट्सनी युनायटसचे विक्रम आपल्या नोंदवहीत ठेवले. युनायटसने त्यांच्याशी संबंधच तोडला. मी बाल्टिमोर कोल्ट्ससाठी खेळलो, दुसऱ्या कुठल्या कोल्ट्सशी माझा संबंध नाही, ही त्याची भूमिका शेवटपर्यंत होती. १९७९ मध्ये ओहायोतल्या कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोर खेळाडूंच्या संग्रहालयात, त्याची निवड झाली होती. तिथल्या त्याच्या दालनावर बाल्टिमोरचं नाव नसेल तर ते काढून टाका, असं त्याने त्यांनाही बजावलं. १९९६ मध्ये क्लीव्हलंडचा संघ बाल्टिमोरला आणला गेला, त्याचेच हे रेव्हन्स. आपल्यावर जे गुदरलं तेच बाल्टिमोरने क्लीव्हलंडवर ओढवलं, हे इथले विचारी लोक मान्य करतात, आणि मला ते मान्य करणं महत्त्वाचं वाटतं. युनायटस रेव्हन्सच्या सामन्यांना येऊन मैदानाच्या कडेला उभा राहायचा.

तोवर त्याच्या शरीराची दैना झाली होती. दोन्ही गुडघे बदललेले. ज्या उजव्या हाताने हे सगळं केलं, त्याची बोटं काम करेनाशी झाली होती. गोल्फ खेळताना तो डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं दांड्याभोवती बसवायचा आणि पट्टीने बांधायचा. अपंगत्वाच्या भरपाईसाठी त्याने लीगकडे मागणी केली, ती नाकारली गेली. लीगचं म्हणणं नियमांना धरून असेल. पण ज्याच्या खेळामुळे ही लीग टीव्हीवर उभी राहिली, त्या माणसाच्या निकामी हातासाठी तिजोरीत काही निघू नये, हे मला पटत नाही आणि पटणार नाही. धंद्यांतही त्याला यश आलं नाही, १९९१ मध्ये दिवाळखोरी जाहीर करावी लागली. ११ सप्टेंबर २००२ ला टिमोनियममधल्या फिजिओथेरपी केंद्रात व्यायाम करताना हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. वय ६९.

तुमच्यापैकी कुणी वॉशिंग्टन पाहायला आलात तर तासाभरावर बाल्टिमोर आहे, एक दिवस काढा. मेमोरियल स्टेडियम पाडलं गेलंय. तेहतिसाव्या रस्त्यावर त्या जागी आता व्यायामशाळा, ज्येष्ठ नागरिकांची घरं आणि मुलांसाठी मैदान आहे. भिंतीवरची ती अक्षरं बंदराजवळच्या दोन नव्या स्टेडियमांमधल्या स्मारकावर लावली आहेत, तिथून युनायटसचा पुतळा चालत काही मिनिटांवर. आणि शरद ऋतूत येणार असाल तर शनिवारी टाउसन विद्यापीठाच्या जॉनी युनायटस स्टेडियमवर कॉलेजचा सामना बघा. तिकीट सहज मिळतं, क्वार्टरबॅक अगदी जवळून दिसतो, आणि आजूबाजूला निळा १९ नंबरचा शर्ट घातलेले एक-दोन आजोबा असतातच. त्यांच्याशी बोला, ते नियमही समजावून सांगतात.